कूलरचा गंजलेला स्क्रू



होळी झाली की दीपनगरच्या वसाहतीत, फेकरीत, भुसावळच्या गल्ल्यांत माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून ही तयारी आधीच करावी लागते. कुणी वाळ्याची ताटी बदलतो, कुणी टाकीला आतून रंग देतो, कुणी पंप साफ करतो. या कामात हमखास अडवणारी एक बारीकशी वस्तू असते. मागच्या पत्र्याचे सहापैकी चार स्क्रू सहज निघतात आणि दोन जागचे हलत नाहीत. जोर लावला की पेचकस घसरतो, स्क्रूच्या डोक्यावरची फुली घासून वाटीसारखी गोल होते आणि मग पेचकसाला धरायला काहीच उरत नाही.

या महिन्याच्या पानावर त्याच स्क्रूबद्दल लिहितो आहे. कारण न निघणारा स्क्रू पुष्कळदा अर्थिंगचा असतो.

हिरव्या वायरची गोष्ट

लोखंडी कूलरच्या वायरीत तीन तारा असतात. त्यांतली हिरवी, किंवा हिरवी-पिवळी, तार कूलरच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली असते. हीच अर्थिंगची तार. पाणी आणि ओलावा यांच्या शेजारी असल्यामुळे हा स्क्रू गंजतो आणि तारेचे टोक कुजून तुटते. नवीन टोक लावायचे तर स्क्रू निघाला पाहिजे. तो निघत नाही. संध्याकाळ झालेली असते, मुले घामाने चिंब असतात, घरात कुणीतरी म्हणते, "राहू द्या ती एक वायर, पंखा तर फिरतो ना." मग हिरव्या तारेला वेटोळे घालून ती आत सरकवली जाते आणि कूलर चालू होतो. दोन-तीन उन्हाळे काही होतही नाही.

पण एखाद्या दिवशी मोटरच्या तारेचे आवरण फाटते आणि वीज पत्र्यात उतरते. ओल्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर वीज जाईल. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव घ्यायला इतकी पुरेशी आहे. घरातला एमसीबी मात्र ६ किंवा १६ अँपिअरचा असतो. पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसते, तो पडत नाही. अर्थिंग जोडलेले असेल आणि घराचे अर्थिंग चांगले असेल, तर तीच वीज माणसाची वाट न पाहता हिरव्या तारेतून जमिनीत जाते, प्रवाह मोठा होतो आणि एमसीबी पडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो त्याहूनही आधी पडतो.

म्हणून तो एक स्क्रू सोडून द्यायचा नाही. तो काढता येतो. बहुतेक वेळा तो बिघडतो ते पहिल्या दोन मिनिटांच्या घाईने. जाम स्क्रू काढण्याच्या पायऱ्या आहेत. खालची पायरी नीट केली तर वरची लागतच नाही, आणि खालची गाळून वर उडी मारली तर परत खाली येता येत नाही. डोके घासले गेल्यावर योग्य पेचकस आणून काय उपयोग?

सगळ्यात आधी प्लग काढा. नुसते बटण बंद करू नका. टाकीतले पाणी काढा आणि कूलर उन्हात कोरडा होऊ द्या.

स्क्रू अडकतो का?

'पेच' हा शब्द फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही रुजला. अर्थ वळण, पीळ. तो वळणे घेत आत जातो म्हणून स्क्रूला पेच म्हणतात, आणि ज्याने तो फिरवायचा ते औजार पेचकस. मराठीत आपण 'पेचात सापडलो' म्हणतो तेव्हाही तोच शब्द असतो. स्क्रूच्या वळणांना मिस्त्री लोक आटे म्हणतात. स्क्रू घट्ट बसतो तो आट्यांच्या घर्षणाने, आणि अडकतोही तिथेच.

लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली फट केसाएवढी असते. गंजाला फुगायला जागाच नसल्याने तो दोन्ही बाजूंना दाबून बसतो. कूलरमध्ये यात आणखी एक भर पडते. पाणी उडून जाते, त्यातले क्षार मागे राहतात. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड आहे, म्हणून टाकीच्या कडेला पांढरा थर जमतो. तोच थर स्क्रूच्या डोक्याभोवती आणि आट्यांत सिमेंटसारखा बसतो. दोन वेगळे धातू, उदाहरणार्थ ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी स्क्रू, पाण्यात एकत्र असतील तर त्यांपैकी एक धातू लवकर खराब होतो आणि जोड आणखी घट्ट होतो.

म्हणजे आपली लढाई मुख्यतः त्या थराशी आहे. थर एकदा तडकला की उरलेला स्क्रू बोटांनीही फिरतो. सगळी मेहनत पहिल्या पाव फेऱ्यासाठी असते.

पहिली पायरी : साफसफाई आणि योग्य पेचकस

तारेच्या ब्रशने स्क्रूचे डोके स्वच्छ घासा. पांढरा क्षार असेल तर त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास ठेवा, मग पुसून कोरडे करा. फुलीच्या खाचेत रंग किंवा माती बसलेली असते. ती सुईने किंवा दाभणाने कोरून काढा. खाच पूर्ण खोल मोकळी झाली नाही तर पेचकस वरवर बसतो आणि पहिल्याच फेऱ्यात घसरतो.

आता पेचकस. बाजारात आपण ज्याला 'स्टार' म्हणतो त्या फुलीच्या खाचेचे मूळ नाव फिलिप्स. अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये तिची पेटंट घेतली आणि मोटारींच्या कारखान्यांत ती लगेच पसरली, कारण यंत्राने स्क्रू बसवताना पेचकस आपोआप मधोमध बसतो. पण या खाचेच्या भिंती उतरत्या आहेत. जोर वाढला की पेचकस त्या उतारावरून वर उचलला जातो. बसवताना सोयीची असलेली गोष्ट काढताना आपल्या विरुद्ध जाते. म्हणून फुलीच्या स्क्रूवर फिरवण्यापेक्षा दाबण्याचा जोर जास्त हवा. कूलर आडवा करा, स्क्रू वर तोंड करून येईल असे ठेवा आणि अंगाचा भार पेचकसावर टाकून मग फिरवा.

पेचकसाचे नंबर असतात : ०, १, २, ३. कूलरच्या पत्र्याला बहुधा २ नंबर लागतो. घरात एकच बारीक पेचकस असतो आणि तोच सगळीकडे चालवला जातो, त्यामुळे निम्म्या फुल्या घासतात. पेचकस खाचेत ठेवून हलवून पाहा. डुगडुगत असेल तर तो नंबर चुकीचा आहे. टोक झिजून गोल झालेला पेचकस फेकून द्या. जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींवर आणि मशीनवर फुलीसारखाच पण थोडा निराळा स्क्रू असतो. त्याच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो, आणि त्याला जपानी मापाचाच पेचकस चांगला बसतो.

फुली थोडीशी घासली असेल तर गॅरेजमध्ये मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टोकाला लावा. तिच्यातल्या बारीक कणांनी पकड वाढते. रुंद रबरबँड मध्ये ठेवूनही कधी कधी काम होते, पण फार घट्ट स्क्रूवर त्याचा भरवसा धरू नये.

दिशा तपासा. स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने निघतो. मात्र टेबल फॅनच्या पात्यावरची टोपी उलट्या आट्यांची असते. तिथे आपण जोर लावून उघडतो आहोत असे वाटते आणि प्रत्यक्षात घट्ट करत असतो.

दुसरी पायरी : तेल, टकटक आणि सब्र

इथे बहुतेक लोक थांबत नाहीत, आणि खरी कमाई इथेच आहे. डोक्याच्या कडेला आणि शक्य असेल तर मागून बाहेर आलेल्या टोकाला पातळ तेल सोडा. गंज सोडवणारे स्प्रे मिळतात. ते नसेल तर डिझेल किंवा रॉकेल चालते. शिलाई मशीनचे तेलही चालते, पण ते हळू शिरते. सगळ्यांच्या ओळखीचा डब्ल्यूडी-४० हा स्प्रे १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाला, तो धातूवरचे पाणी दूर ठेवण्यासाठी. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजाला तो चालतो. जुन्या, मुरलेल्या गंजाला खास गंज सोडवणारे तेल जास्त उपयोगी पडते.

तेल सोडल्यावर पेचकसाच्या जागी लोखंडी सळईचे सपाट टोक डोक्यावर ठेवा आणि हातोडीने सरळ, हलके आठ-दहा टोले द्या. या धक्क्यांनी गंजाच्या थरात बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. पत्रा पातळ असेल तर मागे लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर पत्रा आत जाईल. पुन्हा तेल, पुन्हा टकटक. रात्री ठेवा, सकाळी पाहा. दोन दिवस असे केले तर अर्ध्याहून जास्त कामे इथेच संपतात.

फिरवताना आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने जोर द्या, मग उघडण्याच्या. थोडा हलला की लगेच पूर्ण काढू नका. पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, एक थेंब तेल, पुन्हा पुढे. निघणारा गंज आट्यांत साचू देऊ नका. मोकळा वाटलेला स्क्रू एका झटक्यात काढताना मध्येच तुटतो तो या साचलेल्या भुकटीमुळे.

आमच्या गल्लीत एक खाला शिलाईवर घर चालवतात. त्यांच्या काळ्या, जुन्या मशीनच्या सुईखालच्या पट्टीचा स्क्रू जाम झाला होता. भाच्याने हातोडी आणि छिन्नी काढून ठेवली होती. मी म्हटले, "खाला, एक रात्र मशीन बंद ठेवता येईल का?" त्या म्हणाल्या, "सर, परवा सहा ब्लाउज द्यायचे आहेत. पण मशीनच मोडली तर सहाही गेले आणि पुढचेही गेले. ठेवा." त्या मशीनचा पाया बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड दाब सहन करते, आडवा घाव सहन करत नाही, चिरते. शिवाय या मशीनच्या स्क्रूचे आटे बाजारातल्या साध्या स्क्रूशी जुळत नाहीत, तो तुटला तर दुकानात सहज मिळत नाही. रात्रभर तेल मुरले. सकाळी चपट्या पेचकसाचे टोक कानशीने घासून खाचेच्या रुंदीइतके केले, म्हणजे ते खाचेच्या तळापर्यंत आणि दोन्ही टोकांपर्यंत बसले. स्क्रू एका हाताने निघाला. भाचा आता तो पेचकस मशीनच्या ड्रॉवरमध्येच ठेवतो.

तिसरी पायरी : धक्का देणारा पेचकस

दुचाकीच्या गॅरेजमध्ये एक जाडजूड पेचकस असतो. त्याच्या मागच्या टोकावर हातोडी मारली की पुढचे टोक दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडे फिरते. त्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणतात. दाब आणि फिरणे एकदम होत असल्याने फुली घासायला वेळच मिळत नाही. इंजिनच्या झाकणाचे स्क्रू याने झटकन सुटतात. वापरण्याआधी तो उघडण्याच्या दिशेला लावला आहे ना, हे पाहा. कूलरच्या पातळ पत्र्यावर मात्र मागे भक्कम आधार दिल्याशिवाय तो वापरू नका, आणि बिडावर किंवा प्लास्टिकवर अजिबात नको.

चौथी पायरी : उष्णता

धातू तापला की वाढतो. ६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी स्क्रू ३०० अंशांनी तापवला तर त्याची जाडी सुमारे ०.०२ मिलिमीटरने वाढते. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा कडक थर तेवढ्याने तडकतो. थंड झाल्यावर स्क्रू पुन्हा आकसतो आणि मध्ये तेलाला जागा मिळते.

हेच तत्त्व आपल्या घराशेजारी फार मोठ्या मापात वापरले जाते. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा संचांच्या टर्बाइनमध्ये सुमारे ५४० अंशांची वाफ जाते. टर्बाइनचे वरचे आणि खालचे कवच मनगटाहून जाड स्टडनी बांधलेले असते. वर्षानुवर्षे त्या तापात राहिलेला नट नुसत्या पान्याने सोडवायला गेले तर आटेच उपटून येतील. म्हणून मोठ्या टर्बाइनचे असे स्टड मधून पोकळ ठेवतात. त्या भोकात विजेवर तापणारी कांडी घालतात. एक मीटर लांबीचा स्टड १०० अंशांनी तापला की सुमारे १.२ मिलिमीटर लांब होतो, नटावरचा ताण जातो आणि तो पान्याने फिरतो. वसाहतीतली जी मुले ओव्हरहॉलिंगच्या कामाला ठेकेदाराकडे जातात त्यांना विचारा, त्या कामात ताकदीपेक्षा वाट पाहणे किती असते. इतकी मोठी यंत्रणा हाताशी असूनही तिथे स्क्रूला जबरदस्ती करत नाहीत.

घरी उष्णता देताना चार गोष्टी पाळा. पहिली, वाळ्याची ताटी किंवा गवत, वायरी, प्लास्टिकचा पंखा आणि पंप आधी काढून बाजूला ठेवा. दुसरी, तेल किंवा स्प्रे लावलेल्या जागेवर ज्योत नेऊ नका. आधी उष्णता द्या, थंड झाल्यावर तेल. तिसरी, कूलरचा पत्रा बहुधा जस्त चढवलेला, म्हणजे जीआय असतो. तो गॅसच्या ज्योतीने लाल केला तर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो. म्हणून जीआय पत्र्यावर ज्योत नकोच. चौथी, घरात जाडजूड सोल्डरिंग आयर्न असेल तर त्याचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर पाच मिनिटे धरा. उष्णता नेमकी स्क्रूलाच मिळते आणि पत्रा वाचतो.

पाचवी पायरी : डोके घासले गेले असेल तर

डोके पत्र्याच्या वर उठलेले असेल तर काम अजून हातात आहे. दातेरी ग्रिप पक्कडने डोके कडेने घट्ट धरून फिरवा. ते जमले नाही तर हॅकसॉच्या पात्याने डोक्यावर आडवी, सरळ खाच पाडा आणि चपटा पेचकस लावा. खाच डोक्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल नको, नाहीतर डोके दोन फाकांत तुटते. तेही नाही जमले तर बारीक छिन्नीचे टोक डोक्याच्या कडेला तिरके ठेवून उघडण्याच्या दिशेने हलके टोले द्या.

डोके पूर्ण गेले आणि बुंधा वर दिसत असेल, तर वेल्डरकडे न्या. तो बुंध्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंग भरतो. नटामुळे पान्याला पकड मिळते आणि वेल्डिंगच्या तापाने गंजही सुटतो. पाच मिनिटांचे काम असते. कूलर घेऊन जाताना फक्त रिकामे कवच न्या.

शेवटची पायरी : ड्रिल

स्क्रू आतच तुटला तर ड्रिल. डोळ्यांवर चष्मा हवाच. ओढणी, स्कार्फ, सैल बाही आत खोचा. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू नका, ते गुंडाळले जातात. तुटलेले तोंड कानशीने सपाट करा आणि मधोमध सेंटर पंचने खूण पाडा. ही खूण बाजूला गेली तर ड्रिल मऊ भागात घसरतो आणि आटे खातो, म्हणून इथे दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

आधी बारीक बिट, मग मोठा. हळू वेग, वरून तेल. एम-४ च्या स्क्रूसाठी शेवटचा बिट ३.३ मिलिमीटरचा, एम-५ साठी ४.२, एम-६ साठी ५ आणि एम-८ साठी ६.८. इतके भोक बरोबर मधून पडले की जुन्या स्क्रूची पातळ साल आट्यांत उरते. ती दाभणाने ओढून काढा आणि त्याच मापाचा टॅप फिरवून आटे साफ करा. उलट फिरणारे, म्हणजे डाव्या हाताचे बिट मिळाले तर फारच चांगले. भोक पाडता पाडता स्क्रू स्वतःच फिरून बाहेर येतो.

दुकानदार एक्स्ट्रॅक्टर नावाची उलट्या आट्यांची निमुळती कांडी दाखवतो. ती उपयोगी आहे, पण फार कडक पोलादाची असते, आणि कडक वस्तू ठिसूळ असते. बारीक स्क्रूत ती जोराने पिळली की आत तुटते, आणि तिच्यात साधा ड्रिल शिरत नाही. एम-६ पेक्षा बारीक स्क्रूत ती न वापरलेली बरी.

कुठे थांबायचे?

प्रत्येक स्क्रू काढलाच पाहिजे असे नाही. मशीनचा, इंजिनचा, महागड्या बिडाच्या भागाचा स्क्रू तिसऱ्या पायरीनंतरही हलला नाही तर लेथवाल्याकडे न्या. त्याची मजुरी नव्या भागापेक्षा कमी पडते.

आणि कूलरच्या अर्थिंगचा स्क्रू? तिथे आपल्याला स्क्रू नको, अर्थिंग हवे आहे. तो दोन दिवसांत निघाला नाही तर त्याला तिथेच राहू द्या. चार बोटे बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर, ५ मिलिमीटरचे नवे भोक पाडा. मागे वायर किंवा मोटर नाही हे आधी पाहा. भोकाभोवतीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, कारण रंगावरून वीज जात नाही. पितळेचा किंवा स्टेनलेसचा एम-५ स्क्रू, दातेरी वॉशर, तारेला दाबून बसवलेली गोल टिकली आणि मागून नट, असे घट्ट बांधा. बांधून झाल्यावर वरून ग्रीसचा थर द्या. ग्रीस आधी, मधे नको. पाच-दहा रुपयांचे सामान आहे. ज्याला जुना स्क्रू निघाला नाही म्हणून हिरवी तार आत सरकवायची सवय आहे, त्याने हा परिच्छेद कापून कूलरवर चिकटवावा.

परत लावताना

जुना गंजलेला स्क्रू पुन्हा वापरू नका. नवीन स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावा. उन्हाळा संपल्यावर कूलर माळ्यावर टाकण्याआधी टाकी कोरडी करा, क्षार पुसा आणि सगळे स्क्रू एकदा अर्धा फेरा सैल करून परत बसवा. पुढच्या होळीला ते तुमची अडवणूक करणार नाहीत.

शेवटी तपासणी. मल्टीमीटर ओहमवर लावा. प्लग बोर्डातून काढलेलाच असू द्या. एक टोक प्लगच्या मोठ्या, वरच्या पिनेला, दुसरे कूलरच्या उघड्या पत्र्याला. वाचन एक ओहमच्या आत यायला हवे. मीटर नसेल तर वायरमनला दोन मिनिटे बोलवा. घरात आरसीसीबी असेल तर त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला पाहिजे. आणि चालू कूलरमध्ये पाणी भरताना, ताटी ओली करताना प्लग काढण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दुपारी एकट्या असणाऱ्या मुलांना आणि बुजुर्गांना लावा. अर्थिंग असले तरीही.

हे काम मुलांना शेजारी बसवून करा, मुलींनाही. कोणता पेचकस कुठे बसतो, तेल मुरायला रात्र का लागते, हातोडी कुठे चालवायची नाही, हे शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला ते पहिल्याच महिन्यात उपयोगी पडेल, आणि न जाणाऱ्याला आयुष्यभर.

पुढच्या महिन्यात याच कूलरच्या पंपात बसणाऱ्या क्षाराबद्दल बोलू. तोवर मल्टीमीटरवर पत्रा आणि मोठी पिन एवढे तरी पाहून ठेवा.